दोन गुरुवार

नदीच्या या काठाला हापारांदा, त्या काठाला तोर्नियो.
मध्ये पूल,
आणि पुलावर कुठेतरी घड्याळ एका तासानं चुकतं.
गुरुवारी मात्र दोन्ही काठांवर वाटाण्याचंच सूप.
आमच्याकडे पिवळं, त्यांच्याकडे हिरवं.

आई, औने, हिरव्यांतली.
बाबा, हिल्डिंग, पिवळ्यांतले.
बाबा मागणी घालायला गेले तोही गुरुवारच.
आजोबांनी वाडगाभर हिरवं पुढे ठेवलं.
दोन चमचे खाऊन बाबा म्हणाले
(खरं बोलायची वाईट खोड),
"आमच्याकडे यात थोडा मार्जोरम घालतात."
आजोबांनी चमचा खाली ठेवला.
वाटाण्याच्या अक्षता लावणं म्हणतात ते हेच,
अगदी शब्दशः,
वर मोहरीचं बोट.

तरी लग्न झालं. आई त्या दिवशी
अकराला घरून निघाली
आणि इथे पोचली तेव्हा सव्वादहा वाजले होते.
"नवऱ्यानं दिलेली पहिली भेट," ती सांगायची, "पाऊण तास."

बुधवारी रात्री ओट्यावर दोन वाडगे भिजत.
गुरुवारी दोन पातेली.
बाबा मोहरी सुपात ढवळून टाकत,
आई ती ताटलीच्या काठावर ठेवी
आणि दर घासाला चमच्याचं टोक तिला लावी.
ओन्नीमामाला वर कच्चा कांदा हवा, मूठभर,
मग दिवसभर त्याच्याशी बोलताना सगळे खिडकीजवळ.
सिग्नेआत्या एकेका वाटाण्याचं साल काढून
बशीच्या कडेला रांगेत मांडायची,
घरात कुणी काही बोलायचं नाही,
तिचा नवरा समुद्रावरून परत आला नव्हता.
माझा भाऊ एइनो यातलं काहीच न खाता
नुसता बसून राही. पॅनकेक कधी?
पॅनकेक कधी?

एका फेब्रुवारीत आईचं मनगट मोडलं.
वीज गेलेली, बाबांनी अंधारातच
दोन्ही पुड्या एका वाडग्यात ओतल्या.
सकाळी पाहतात तर पातेल्यात
बर्फाखालून नुकत्याच निघालेल्या गवताचा रंग.
आणि नेमके त्याच दिवशी आजोबा आले,
चौदा वर्षांत पहिल्यांदा पूल ओलांडून,
मुलीचा हात बघायला.

आई म्हणाली, "नुसता पिवळाच लागतोय."
बाबा म्हणाले, "छे, हिरव्यानं गिळलंय सगळं."
मामानं कांदा मागितला.
आत्या साल काढताना थबकली:
रांग एक मांडायची की दोन?
एइनो म्हणाला, पॅनकेक.

आजोबा काही बोलले नाहीत.
एक वाडगा संपवला. दुसरा घेतला.
मग म्हणाले, "मीठ कमी आहे."
नावडतीचं मीठ अळणी,
नावडत्या जावयाचं तर विचारूच नका.
मीठदाणी ओढून त्यांनी आपल्या वाडग्यात घातलं
आणि हात न थांबवता
बाबांच्याही.
बाबांनी ते खारट सूप तळापर्यंत संपवलं,
पाणी प्यायले ते आजोबा गेल्यावर,
ओट्याशी उभं राहून, चार पेले.

आता आजोबा नाहीत, आत्या नाही.
एइनो लुलेओला असतो, गुरुवारी पिझ्झा खातो.
माझ्या कपाटात दोन्ही पुड्या आहेत,
आणि आलेला प्रत्येक पाहुणा विचारतोच,
तुला कुठलं आवडतं?

मी बाजूचं काहीतरी सांगते.
पाहुणा तोर्नियोचा असेल तर हिरवं.

मला आवडते ती खरवड.
पातेल्याच्या बुडाशी धरलेली, थोडी करपलेली,
शुक्रवारी सकाळी थंडच,
लाकडी उलथन्यानं खरडून, उभ्याउभ्या.
तिचा रंग कुठला ते सांगता येत नाही.
खिडकीबाहेर नदी गोठलेली असते.
इथे सात वाजलेले असतात,
तिथे आठ.